यात दाणे आहेत का?

आई, सगळ्यात आधी हे सांगून टाकते, की मी विचारलं होतं. वेटर ऑर्डर घ्यायला आला तेव्हा विचारलं, आणि पनीरची भाजी टेबलावर आली तेव्हा चमचा उचलायच्या आधी पुन्हा विचारलं, की दादा, यात दाणे आहेत का? कूट, तेल, काहीही? तो आत जाऊन आला आणि म्हणाला, "नाही मॅडम, पूर्ण काजूची ग्रेव्ही आहे." तू शिकवलंस तसं सगळं केलं. तरी व्हायचं ते झालंच, आणि तेव्हापासून मला दुसऱ्याच्या हातचं पाणीसुद्धा भीत भीत प्यावं लागतंय. घरात हे बोलता येत नाही. मी बोलले की घरच्यांच्या चेहऱ्यावर माझी भीती उमटलेली दिसते, आणि ती बघून मी आणखी घाबरते. म्हणून तुला लिहिते आहे. तुला आता घाबरवण्यासारखं काही उरलेलं नाही.

पंचवटीतल्या आपल्या घरातली माझी सगळ्यात जुनी आठवण म्हणजे दाणे भाजल्याचा वास. तू खानावळ चालवायचीस, सकाळी मोठ्या कढईत दाणे भाजायचीस, सुपात चोळून फोलपटं दारात पाखडायचीस. आमटीत कूट, भाजीत कूट, काकडीच्या कोशिंबिरीत कूट. आणि मी सारखी आजारी. ओठ सुजायचे, अंगावर गांधी उठायच्या, रात्र रात्र खोकला. कुणी म्हणालं जंत आहेत, कुणी म्हणालं दृष्ट लागते. तू मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकायचीस आणि सकाळी पुन्हा दाणे भाजायला घ्यायचीस. शेवटी गल्लीच्या टोकाच्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी मी काय काय खाते ते नीट विचारून घेतलं आणि तुला बाजूला बसवून सांगितलं, "हिला दाणे बंद. कायमचे. आणि घरातही ठेवू नका." दाण्यानं माणूस मरू शकतो ही गोष्ट तेव्हा आपल्या ओळखीत कुणी ऐकलेली नव्हती. तू वाद घातला नाहीस. घरी येऊन कुटाचा डबा शेजारी देऊन टाकलास, पाटा-वरवंटा घासलास, भिंतीवरची फळी घासलीस, आणि दुसऱ्या दिवसापासून तीळ आणि सुकं खोबरं वाटून भाज्या करायला लागलीस. तेलही बदललंस, करडईचं आणलंस. जेवायला येणारे कुरकुरले. एकजण ताटावरून उठता उठता म्हणाला, "वहिनी, भाजीची चव गेली बघा." तू वाढता वाढता म्हणालीस, "चव गेली तं जाऊ द्या. पोरगी ऱ्हायली पायजे." त्यातले बरेच जण दुसऱ्या खानावळीत गेले. उरले त्यांच्यावर तू घर चालवलंस.

मग ती संक्रांत. मी दुसरीत होते, चांदवडला आत्याकडे गेलो होतो. आत्याच्या अंगणात शेंगांचा ढीग पडलेला, तिची पोरं त्यावर लोळत होती आणि मला तू मांडीवरून खाली उतरू देत नव्हतीस. आत्या हसत होती, "लय नाजूक करून ठिवली पोरगी. दाण्यानं कुठं कोणी मरतं का?" तू परसात धुणं धुवायला गेलीस तेव्हा तिनं माझ्या हातात तिळाचा लाडू ठेवला. तीळच दिसत होते वरून. तिला मला मारायचं नव्हतं, आई. तिला फक्त दाखवून द्यायचं होतं, की बघा, खाल्लं आणि काही झालं नाही. मला तो लाडू आठवत नाही, जीप आठवते. तू मला छातीशी उभी धरली आहेस, रस्ता खडबडीत आहे, आणि तू माझ्या कानात ओरडते आहेस, "बोलत ऱ्हा. पाढे म्हण. बेचा पाढा म्हण!" मी म्हणते आहे, आणि मधेच कुठेतरी माझे ओठ हलतात पण आवाज येत नाही, आणि मला वर बघितल्यावर तुझा चेहरा दिसतो. तो चेहरा मी नंतर कधीच तुझ्यावर पाहिला नाही. दवाखान्यात सुई दिली, मी वाचले. आत्या मागून आली, रडत होती, आणि रडता रडता म्हणत होती, "एवढुसं तं टाकलं व्हतं गं, एवढुसं." तू तिच्याशी भांडली नाहीस. पण त्यानंतर तिच्या घरी तू कधी पाणी प्यायली नाहीस, हे मी मोठी झाल्यावर माझ्या लक्षात आलं.

तू मला रागावलीस ती दहावीत. मैत्रिणीच्या वाढदिवसाला गेले, सगळ्यांच्या हातात समोसे दिले, आणि मी बशी तिथेच ठेवून पळत घरी आले. रडत होते. मला वाटलं, तू जवळ घेशील. तू भाकरी थापत होतीस, पीठ भरल्या हातानंच उठलीस. "विचारलं का, त्यात काय हाय?" मी म्हटलं, नाही. "मंग पळाली कशापायी? भ्यायचं तं इचारून भ्यायचं. न इचारता जनावर भितं." मी आणखी रडले. तेव्हा तू एक गोष्ट केलीस, ती आठवली की मला अजून हसू येतं. खांद्यावर फडकं टाकलंस, ताट उचललंस आणि म्हणालीस, "मी हाटेलातला माणूस. ही तुजी भाजी. आता इचार." मी पुटपुटले. "ऐकू नाय आलं बाई, आमच्या हाटेलात लय गर्दी हाय!" मी मोठ्यानं विचारलं, यात दाणे आहेत का? "नाय." मी म्हटलं, मग पुढे काय विचारू? "मग तेल कुठलं?" हे तूच शिकवलंस. "मग कढई कोणती? आधी काय तळलं त्यात?" भाकरी तव्यावर करपली तरी तू मला सोडलं नाहीस. त्या दिवसापासून मी विचारत आले. कॉलेजात, लग्नांत, प्रवासात. लोक हसले, वैतागले, पण मी विचारलं. माझ्या लग्नात तू रुखवतावर मांडायला म्हणून नवी लोखंडी कढई दिलीस आणि माझ्या सासूबाईंचे दोन्ही हात धरून म्हणालीस, हिच्यात दाणा पडू देऊ नका. त्यांनी पाळलं ते.

आता गंगापूर रोडला राहतो आम्ही. मी द्राक्षं परदेशी पाठवणाऱ्या एका ऑफिसात काम करते. तिथे माझ्या दोन मैत्रिणी आहेत. एक सटाण्याची, माझ्याच वयाची, गाडी चालवते, बोलते तर खिडक्या हलतात. दुसरी आमच्याहून बरीच लहान, आम्ही तिला धाकटीच म्हणतो. महिन्यातून एकदा शनिवारी दुपारी आम्ही तिघी बाहेर जेवायला जातो, म्हणजे त्या दोघी जेवतात. मी घरून खाऊन जाते आणि लिंबू सोडा घेऊन बसते. त्या शनिवारी धाकटी नोकरीत कायम झाली म्हणून तिची पार्टी होती. तिनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "ताई, आजच्या दिवस तरी? माझ्या पार्टीत एक घास नाही खाणार?" तिच्या आवाजात मस्करी नव्हती. आणि मला वाटलं, किती वर्षं मी लोकांच्या आनंदात सोड्याचा ग्लास धरून बसले आहे. म्हणून विचारलं. दोनदा. मग खाल्लं.

दोन घास झाले असतील. ओठाच्या आतल्या बाजूला बारीक खाज सुटली. मला लगेच कळलं, आई. इतक्या वर्षांनीही अंगाला ओळख होती. मी म्हटलं, "यात आहेत." धाकटीला समजलंच नाही. सटाण्याचीनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि उभीच राहिली. "काय व्हयनं तुले?" घाईत ती अहिराणीत बोलते. मी पर्समधल्या गोळ्या तोंडात टाकल्या, पण तळहात पेटले होते, कान गरम झाले होते, पोटात मुरडा येत होता. आणि त्याहून वाईट म्हणजे ते दुसरं काहीतरी, ज्याबद्दल मी तुला लहानपणी सांगू शकले नव्हते कारण शब्द नव्हते. कुणीतरी आतून सांगतं की आता संपलं. दुखण्याचा त्याच्याशी संबंध नसतो, नुसती खात्रीच होते. तिनं मला गाडीत घातलं. सिग्नलला पुढे रिक्षा, बाजूला टू-व्हीलर, कुठूनही वाट नाही. तिनं काच खाली केली आणि बाहेर ओरडली, "सरका ना भाऊ, बाई मरते आहे इथं!" तो शब्द मी ऐकला. मागे धाकटी माझा हात धरून रडत होती, "सॉरी ताई, सॉरी ताई." मला तिला सांगायचं होतं की तुझं काही चुकलं नाही, पण घशातून नुसती शिट्टीसारखी हवा येत होती. मी डोळे मिटले, तर जीप होती. मी मनात बेचा पाढा सुरू केला. बे एके बे, बे दुणे चार, आणि पुढे काही केल्या आठवेना.

दवाखान्यात मांडीत इंजेक्शन दिलं. थोड्या वेळानं घसा मोकळा झाला आणि मग थंडी भरली, दात वाजेपर्यंत. नवरा धावत आला, त्याच्या शर्टाची बटणं खालीवर लागली होती. डॉक्टरीणबाई शांत होत्या, त्यांनी आम्हाला बसवून नीट समजावलं, आता इंजेक्शन कायम पर्समध्ये ठेवायचं आणि कसं द्यायचं ते घरातल्या प्रत्येकानं शिकायचं. दुसऱ्या दिवशी सटाण्याचीनं हॉटेलात फोन लावला. काजू संपले होते म्हणून आचाऱ्यानं दाणे वाटून लावले होते, आणि वेटरला ते माहीत नव्हतं. त्यानं नेहमीचं उत्तर दिलं. मॅनेजरनं माफी मागितली आणि मग म्हणाला, "पण मॅडम, थोडेच होते." फोन स्पीकरवर होता. मी उठून बाथरूममध्ये गेले आणि नळ सोडून उभी राहिले.

आता कळलं का, मला कशाची भीती वाटते? दाण्याची भीती मला होतीच, तिच्याबरोबर मी वाढले, तिचं घर मला माहीत आहे. ही नवी आहे. विचारल्यावर मिळालेल्या उत्तराची. वेटर खोटं बोलला नव्हता गं. तो खरं समजून बोलला, आणि मी मरत होते. मग मी कुणाला काय विचारू? गिरणीवर माझ्या आधी कुणी काय दळलं असेल? मसाला कांडपाच्या यंत्रात? मी बाहेरचं पीठ बंद केलं, मसाले बंद केले, सासूबाईंनी केलेला चहा ओतून दिला आणि कप पुन्हा घासला. त्यानंतर त्या स्वयंपाकघरात यायच्या आधी दारात उभ्या राहून विचारायला लागल्या, "येऊ का?" त्यांच्याच घरात. रात्री नवऱ्यानं शेजारी जांभई दिली तरी मला वाटायचं, यानं बाहेर काय खाल्लं असेल. भात, मुगाची आमटी, भात, मुगाची आमटी. ब्लाउज ढिले झाले.

तुझी नात तू पाहिली नाहीस, ती व्हायच्या आधीच तू गेलीस. नववीत आहे. तिला काही होत नाही, दाणे खाते, बाहेर, माझ्यापासून लांब. तिला मिसळ आवडते, मैत्रिणींबरोबर रविवारी सकाळी जायची. त्या दिवसानंतर ती घरी आली की मी दारातच सांगायचे, हात धू, तोंड धू, कपडे बदल, दात घास. ती करायची. मग तिनं जाणंच बंद केलं. मी म्हटलं, जा की. "नको, कंटाळा येतो." मी त्यावर विश्वास ठेवला, कारण तो मला सोयीचा होता. मग एका संध्याकाळी ती शाळेतून आली, मी ओट्याशी होते, तिला मागून येऊन मला मिठी मारायची होती. मला स्टीलच्या पिंपावर तिचं प्रतिबिंब दिसलं. ती माझ्या मागे थांबली, दोन्ही तळहात नाकाशी नेले, हुंगले, बोटं हुंगली. मग हात खाली सोडले आणि मिठी न मारताच आत गेली.

मी गॅस बंद केला आणि तिच्या खोलीत गेले. विचारलं, "हात का हुंगलेस?" ती म्हणाली, "डब्यात मैत्रिणीनं चटणी आणली होती. मी खाल्ली नाही, पण डबा धरला होता." मग खूप हळू म्हणाली, "आई, माझ्यामुळे तुला काही झालं तर?" तू मला एवढं विचारायला शिकवलंस, पण मला कुणी विचारलं तर काय सांगायचं ते कुठे शिकवलंस? मी तिला जवळ घेतलं. तिचे हात न धुतलेले होते. माझं काळीज इतकं जोरात धडधडत होतं की तिला ते नक्की कळलं असणार. आम्ही दोघी तशाच बसून राहिलो, खाज येते का याची वाट बघत. आली नाही.

त्याच आठवड्यात मी सटाण्याचीला म्हटलं, मला जमत नाही, मी बाहेर येणार नाही आता. ती म्हणाली, "नको येऊ. आम्ही येतो." आणि रविवारी दोघी आल्या, रिकाम्या हातानं, मुद्दाम. "सगळं तुझ्याच घरातलं. मी फक्त हात आणलेत." तिनं कोपरापर्यंत हात धुतले, नखं ब्रशनं घासली. गॅसवर वांगी भाजायला ठेवली, तुझ्या कढईत मिरच्या आणि लसूण परतला. "आमच्याकडे भरतात दाणे नसले तर त्याला भरीत म्हणत नाहीत," ती म्हणाली, "आज काहीतरी वेगळं नाव देऊ." धाकटी कांद्याची पात चिरत होती आणि प्रत्येक वेळी सुरी धुवायची. मी त्यांच्या डोक्यावर उभी. कुठला डबा उघडते, कुठला चमचा कुठे बुडवते. शेवटी सटाण्याची वळली. "बस ना बाई. तू अशी बघतेस की मला मीठ टाकायची पण भीती वाटते." मी बसले. पुन्हा उठले. पुन्हा बसले. सासूबाई दारात उभ्या होत्या, त्यांना मी हाताला धरून आत आणलं, आणि भाकरी थापायला त्या बसल्या.

मग मी पहिला घास घेतला. सगळे एकदम ऑफिसबद्दल बोलायला लागले, नको तितक्या मोठ्यानं. मी मान वर केली तर चौघींपैकी एकीनंही घास उचलला नव्हता. माझ्या लेकीनं इंजेक्शनची पिशवी मांडीवर धरली होती. आणि तेव्हा मला तू दिसलीस. तू आमच्याबरोबर कधी जेवली नाहीस. मला वाढून समोर पाटावर बसायचीस, हातात काही काम नसताना, आणि मी हात धुतल्यावर थोड्या वेळानं आपलं ताट घ्यायचीस. मला वाटायचं, बायका मागूनच जेवतात, तशी तूही. रोज दोन्ही वेळा तू थांबून बघत होतीस, होय ना? तुझ्या स्वतःच्या हातच्या जेवणाचीसुद्धा तुला खात्री नव्हती. आणि मला मात्र वाटत आलं, विचारलं की भीती जाते. तुझी कधी गेली होती?

जात नाही, हे आता मला कळलं आहे. ती पर्समध्ये घेऊन फिरावं लागतं. लेक परवा मैत्रिणीच्या वाढदिवसाला हॉटेलात गेली. परत आल्यावर तिनं आपण होऊन हात धुतले, पण हुंगले नाहीत, आणि सांगत बसली की कोण काय म्हणालं, कोण किती हसलं. मी ऐकलं. येत्या शनिवारी मी त्या दोघींबरोबर जाणार आहे. खाणार नाही, सोडाच घेईन, पण जाईन.

हे कुठे पाठवायचं ते मला माहीत नाही, आणि माहीत असतं तरी पाठवलं नसतं, कारण शेवटची एक गोष्ट तुला वाचायला देण्याचं माझं धाडस नाही. घरात कुणालाच सांगितलेली नाही. ते दोन घास, खाज सुटायच्या आधीचे. आई, लहानपणची चव मला आठवत नाही, पण तू आपल्या सगळ्या घराच्या तोंडचं माझ्यासाठी काढून घेतलंस, ते असं असतं हे मला आता कळलं. दाणे फार चांगले लागतात गं.